सर्फबोर्डची टेल कशी बघायची आणि पाण्यात तिचा नक्की काय फरक पडतो

बोर्ड घ्यायला गेलं की दुकानवाला हमखास टेलपासून, म्हणजे बोर्डच्या मागच्या टोकापासून, सुरू करतो, ही स्क्वॉश, ही स्वॅलो, ही राउंडपिन, हिला होल्ड भारी, हिला रिलीज भारी, आणि आपण नुसते मान डोलवत उभे. मग होतं काय की शेवटी कापलेला आकार कसा दिसतो तेवढ्यावर लोक बोर्ड घेऊन टाकतात, आणि त्याच्या वरचा जो फूटभर भाग असतो, जिथे खरं काम चालतं, तिकडे कोणी बघतच नाही. मी सिडनीच्या उत्तरेकडच्या बीचेसवर सर्फ करतो, सुट्टीला आलो की गोवा नाहीतर कर्नाटकातलं मुल्की, आणि दोन्हीकडे भेटणारी आपली मराठी मंडळी हेच विचारतात की फोमी, म्हणजे शिकाऊंचा मऊ फोमचा बोर्ड, बास झाला, आता हार्ड बोर्ड घ्यायचाय, टेल कुठली घेऊ. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

आधी एक सांगून टाकतो. अजून पांढऱ्या फेसावर सरळ किनाऱ्याकडेच येत असाल, फुटायच्या आधी लाट पकडून तिच्यावरून आडवं जाणं जमत नसेल, तर टेलचा विचार डोक्यातून काढा. ८ फुटी फोमीची टेल गोल असली काय आणि चौकोनी असली काय, तुम्हाला काडीचा फरक कळणार नाही, कारण टेलचं काम सुरू होतं वळताना, आणि तुम्ही अजून वळत नाही. ज्यांना आडवं जाता येतं, मागच्या पायावर वजन देऊन थोडंफार वर-खाली फिरता येतं, त्यांच्यासाठी पुढचं.

बघायचं काय तर दोनच गोष्टी. टेल किती रुंद आहे आणि कडेची रेघ किती वळलेली आहे. नावं नंतर.

रुंदी मोजायची ती अगदी टोकाला नाही. शेपर, म्हणजे बोर्ड घडवणारे लोक, टेलच्या टोकापासून १२ इंच वर येऊन तिथली रुंदी मोजतात. टेप नसेल तर एक वीत आणि तिच्यावर चार बोटं, साधारण तिथेच पोचता. नेहमीच्या शॉर्टबोर्डला तिथे १४-साडेचौदा इंच मिळतात, फिश, म्हणजे छोटा रुंद बोर्ड, असेल तर १६ आणि त्याच्याही पुढे, आणि मोठ्या लाटांसाठीचा गन असेल तर रुंदी एवढी कमी की आपण बघतच राहतो. ही रुंदी म्हणजे पाण्यावर टेकायला मिळालेली जागा. बोर्ड वेगात आला की तो पाण्यात तरंगत नसतो, पाण्यावरून घसरत असतो, आणि मागे जेवढी जागा जास्त तेवढं पाणी त्याला खालून उचलून धरतं. म्हणून लाट बारीक, मऊ, दम नसलेली असेल तर रुंद टेल पटकन सुटते, मधल्या सपाट भागातही मरत नाही. पण हीच गोष्ट लाट मोठी आणि वेगवान झाली की अंगावर येते, कारण आता उचल इतकी मिळते की तुम्ही मागचा पाय दाबताय दाबताय आणि टेल पाण्यात बसायलाच तयार नाही, ती उड्या मारते, नाहीतर सरळ घसरून खाली जाते आणि तुम्ही तिच्या मागोमाग. अरुंद टेलचं उलटं, सहज बुडते, रेल, म्हणजे बोर्डची कड, लाटेत रुततं आणि धरून ठेवतं, पण मऊ लाटेत तिला उचलायलाच काही नसतं, त्यामुळे बोर्ड मागून ओढल्यासारखा वाटतो.

आता कडेची रेघ. घरी नळ बारीक सोडा आणि चमचा दांड्याने सैल धरून त्याची फुगीर बाजू धारेला लावा, चमचा बाहेर ढकलला जात नाही, उलट धारेत ओढला जातो. पाणी वळलेल्या कडेला चिकटून जातं आणि जाता जाता ती वस्तू स्वतःकडे खेचतं. गोल टेलमध्ये, टोकदार पिनमध्ये हेच होतं, पाणी कडेभोवती लपेटून जातं आणि टेलला लाटेत धरून ठेवतं, यालाच होल्ड म्हणतात. कड जिथे एकदम तुटते, म्हणजे चौकोनी स्क्वॉश टेलचा कोपरा किंवा टेलजवळचं खालचं धारदार रेल, तिथे पाणी लपेटू शकत नाही, ते सुटून जातं, तो झाला रिलीज. होल्ड म्हणजे चांगलं आणि रिलीज म्हणजे वाईट असं काही नाही, दोन्ही लागतात, कुठल्या लाटेत कुठलं किती लागतं एवढाच प्रश्न.

आणि रेघ सरळ असेल तर बोर्ड सरळ आणि वेगात जातो, वळायला लांब चक्कर घेतो. रेघ जास्त वळलेली असेल तर छोट्या जागेत वळतो पण वेग थोडा खातो. टेलच्या नावापेक्षा ही रेघ मला जास्त सांगून जाते, म्हणून बोर्ड उभा धरून त्याची बाह्यरेषा वरून खाली नजरेने उतरत या, फुगवटा कुठे आहे, मागच्या पायाच्या आसपास एकदम आत वळते की शेवटपर्यंत सरळच उतरते ते बघा.

हे सगळं कोणी प्रयोगशाळेत बसून शोधलेलं नाही बरं का. १९३७ मध्ये हवाईच्या ओआहू बेटावर जॉन केली, वॉली फ्रॉइसेथ, फ्रॅन हीथ ही पोरं जड लाकडी फळ्यांवर सर्फ करायची. फळीला फिन, म्हणजे खालचा पंख, नाही, टेल चांगली रुंद आणि चपटी, त्यामुळे उभी लाट आली की टेल घसरणार म्हणजे घसरणारच. वैतागून त्यांनी कुऱ्हाड घेतली आणि टेलच्या दोन्ही बाजू तासून ती निमुळती केली, खालून व्ही आकाराची. तोच बोर्ड परत पाण्यात नेला तर आता तो उभ्या लाटेवर आडवा टिकून राहायला लागला. हॉट कर्ल म्हणतात त्या बोर्डांना, आणि आजच्या पिनटेलची कुळकथा तिथपासून सांगता येते. एकही फिन न लावता नुसती टेल अरुंद करून एवढा फरक पडला, म्हणजे रुंदीचं महत्त्व काय ते बघा.

आता नावांकडे येऊ.

स्क्वॉश म्हणजे चौकोनी टेल, कोपरे घासून गोलसर केलेले. आज दुकानातल्या शॉर्टबोर्डांत सगळ्यात जास्त हीच दिसते आणि त्याला कारण आहे. शेवटपर्यंत रुंदी राहते त्यामुळे मऊ लाटेत चालते, कोपऱ्यांमुळे लाटेच्या डोक्यावर जाऊन टेल झटकता येते, आणि पाय थोडा चुकीच्या जागी पडला तरी चालवून घेते. पहिला हार्ड बोर्ड घेणाऱ्याला मी डोळे झाकून स्क्वॉश सांगतो. पूर्ण चौकोनी, टोकदार कोपऱ्यांची स्क्वेअर टेल आता शॉर्टबोर्डला कमीच दिसते.

राउंड टेलला कोपरा नाही, सगळी रेघ सलग वळत जाते, त्यामुळे टर्नही तसाच येतो, तुटक नाही, एका लयीत. लाट थोडी पोकळ आणि उभी असेल, खाली उतरून लाटेच्या पायथ्याशी जोरात वळायचं, म्हणजे बॉटम टर्न मारायचा असेल तर राउंड टेल विश्वासाची. मला स्वतःला हीच जास्त आवडते, पण ती आवड झाली. तीच अजून निमुळती केली की राउंडपिन, आणि अगदी टोक काढलं की पिन. पिन ही मोठ्या लाटेची टेल. हवाईच्या वायमियासारख्या ठिकाणी लोक जे लांबलचक गन घेऊन उतरतात त्यांना पिनच असते, कारण तिथे टेल झटकून दाखवण्याचा प्रश्नच नसतो, वरून खाली सुटल्यावर रेल हातातून जाऊ नये एवढंच हवं असतं. कंबरेएवढ्या लाटेत पिनवाला शॉर्टबोर्ड घेऊन गेलात तर अख्खा वेळ बोर्ड हलवण्यातच जाईल.

स्वॅलो जरा नीट समजून घ्यायला लागते, कारण तिच्याबद्दल गैरसमज खूप. मधून व्ही कापलेला असतो, मागे दोन टोकं. आता गंमत अशी की बाहेरून बघितलं तर टेल रुंदच असते, म्हणजे मऊ लाटेत उचल मिळते, पण वळताना बोर्ड एका कुशीवर झाला की पाण्यात जातं ते फक्त त्या बाजूचं टोक, आणि ते टोक छोट्या पिनचं काम करतं, रुततं. रुंदी पण मिळाली आणि पकड पण. १९६७ मध्ये सॅन दिएगोच्या स्टीव्ह लिसने जो फिश बनवला तो मुळात गुडघ्यावर बसून चालवायचा छोटा बोर्ड होता, रुंद, जवळजवळ समांतर कडा, मागे खोल स्वॅलो आणि दोन कील फिन, म्हणजे लांब पायाचे बसके फिन. उभं राहून चालवणाऱ्यांनी तो नंतर उचलला. असला खोल कापाचा फिश सुटतो जबरदस्त, पण कडा सरळ असल्यामुळे त्याला उभा वर नेऊन पटकन वळवायला जाऊ नका, त्याला लांब, पसरट टर्न आवडतात, एका रेलवरून दुसऱ्या रेलवर जातानाही थोडा वेळ घेतो. शॉर्टबोर्डला असते ती उथळ स्वॅलो वेगळी, ती स्क्वॉशच्या बरीच जवळ वागते. दोन्हीला लोक स्वॅलोच म्हणतात आणि तिथेच सगळा घोळ होतो.

बाकीच्या पटपट. डायमंड म्हणजे स्क्वॉशचे कोपरे तिरके कापून मधे टोक ठेवलेलं, त्यामुळे रेलची लांबी जरा कमी होते आणि मागच्या पायाखाली जागा मात्र राहते, वळायला स्क्वॉशपेक्षा थोडी मऊ. बॅट टेल, मून टेल ही स्वॅलो-स्क्वॉशच्या घरातलीच भावंडं, खरं सांगायचं तर त्यातला फरक आपल्यासारख्यांना कळेल असं मला वाटत नाही, दिसायला मात्र छान. विंग किंवा बम्प म्हणजे कडेला फिनच्या थोडं पुढे जो खाचेसारखा टप्पा असतो तो, त्याने होतं काय की मधला बोर्ड रुंद ठेवून टेल एकदम अरुंद करता येते. हवाईच्या बेन आइपाने सत्तरच्या दशकात स्टिंगर नावाने असेच बोर्ड गाजवले.

असिमेट्रिकल टेल एवढी कमी दिसते की पहिल्यांदा बघणाऱ्याला बोर्ड तुटलाय असंच वाटतं, पण कल्पना एकदम बरोबर आहे. आपण बोर्डवर आडवे उभे असतो, बोटांच्या बाजूला वाकायला घोटा-गुडघा साथ देतात, टाचेच्या बाजूला तेवढं वाकता येत नाही, मग दोन्ही बाजूंना सारखीच टेल कशाला? म्हणून बोटांच्या बाजूला लांब रेघ आणि टाचेच्या बाजूला आखूड, जास्त वळलेली. कॅलिफोर्नियाच्या कार्ल एकस्ट्रॉमने साठच्या दशकातच हे करून ठेवलंय. फक्त विकत घेताना बघा, तुमचा डावा पाय पुढे की उजवा त्याप्रमाणे बोर्ड उलटा होतो, त्यामुळे मित्राला उसना देता येत नाही आणि विकायला गेलं तरी गिऱ्हाईक निम्मंच.

लाँगबोर्डची गोष्टच निराळी. नोजरायडिंगवाल्या, म्हणजे पुढच्या टोकावर (नोजवर) उभं राहून चालवायच्या, लाँगबोर्डला मागे रुंद, चौकोनाकडे झुकणारी टेल, खाली गोलसर रेल आणि एकच मोठा फिन असतो. इथे पाणी सुटायला नकोच असतं, ते कडेवरून वर चढून टेलच्या पाठीवर बसावं आणि तिला खाली दाबून धरावं अशीच रचना असते, त्याच जोरावर माणूस पार पुढे नोजवर जाऊन उभा राहू शकतो.

आता टेल एकटी सगळं ठरवत नाही हे ज्याच्यावरून कळतं तो किस्सा. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलचा सर्फर मार्क रिचर्ड्स, इथे सगळे एमआर म्हणतात, त्याने विंग आणि स्वॅलोवाला दोन फिनचा बोर्ड आणला आणि १९७९ ते १९८२ अशी सलग चार वर्षं वर्ल्ड टायटल घेतलं. झालं, जो तो दोन फिनच्या मागे. सिडनीतल्या नॅरबीनचा सायमन अँडरसन हा धिप्पाड गडी, त्याच्या वजनाखाली तो बोर्ड मोठ्या लाटेत घसरायचा, हातात राहायचा नाही. त्याने १९८० मध्ये मधोमध मागे सारख्याच मापाचा तिसरा फिन लावला, नोज अरुंद केलं आणि टेल मात्र रुंद, चौकोनीच्या जवळची ठेवली. म्हणजे रुंद टेलचा वेग घेतला आणि तिचा घसरण्याचा रोग फिनने बरा केला. १९८१ च्या ईस्टरला ऑस्ट्रेलियातल्याच बेल्स बीचवरच्या स्पर्धेत प्रचंड लाटा होत्या, त्यात तो हाच बोर्ड, थ्रस्टर, घेऊन उतरला आणि स्पर्धा जिंकला. तेव्हापासून तीन फिन म्हणजेच शॉर्टबोर्ड असं होऊन गेलं.

म्हणून टेलवर पैसे घालवण्याआधी फिन बदलून बघा. बॉटम टर्नला टेल घसरते? आधी फिन एक माप मोठे लावा, त्याने नाही जमलं तर राउंड किंवा अरुंद टेलचा विचार करा. बोर्ड सपाट भागात मरतो? मग रुंद टेल, स्क्वॉश नाहीतर स्वॅलो, आणि त्याबरोबर टेलचा रॉकर पण बघा. रॉकर म्हणजे खालून टेलकडे बोर्ड किती वर उचललेला आहे ते. बोर्डच्या खालच्या बाजूला मधोमध लांब सरळ पट्टी मधल्या भागावर टेकवून धरा आणि टेलजवळ पट्टी आणि बोर्डमध्ये किती फट पडते ते बघा. फट जास्त असेल तर बोर्ड उभ्या लाटेत छान वळेल पण मऊ लाटेत ओढेल, मग टेल कितीही रुंद असो. एकाच बोर्डला एकदा स्क्वॉश आणि एकदा राउंड केली तर जेवढा फरक पडेल त्यापेक्षा रॉकर बदलल्याने पडणारा फरक मोठा असतो असं माझं मत, दुकानवाले हे सांगत नाहीत कारण रॉकर भिंतीला लावलेल्या बोर्डवर पटकन दिसत नाही.

आणि बोर्ड वळतच नाही ही तक्रार असेल तर टेलला दोष द्यायच्या आधी कोणाला तरी किनाऱ्यावरून व्हिडिओ काढायला सांगा. दहातल्या बहुतेकांचा मागचा पाय टेल पॅडच्या (टेलवर पाय घसरू नये म्हणून चिकटवलेल्या गादीच्या) पुढेच असतो, फिनच्या वर नसतोच. पाय तिथे असेल तर जगातली कुठलीही टेल वळणार नाही.

टेल पाण्यात कशी तपासायची? मित्राचा बोर्ड मागून घ्या, पण लांबी आणि लिटर, म्हणजे बोर्डचं आकारमान, तुमच्या बोर्डच्या जवळपास हवेत, शक्यतो फिनही तेच काढून लावा, आणि एकाच सेशनमध्ये अदलाबदल करा, कारण उद्याची लाट आजच्यासारखी नसते. मग तीन जागी लक्ष ठेवा. लाट पकडल्यावर पहिल्या दोन-तीन सेकंदांत बोर्ड आपणहून सुटला की पंप करायला, म्हणजे वर-खाली दाबून वेग काढायला, लागलं. खाली उतरून वळताना मागचा पाय दाबला तेव्हा टेल बसली की थरथरली. आणि वर जाऊन परत फिरताना टेल सहज सुटली की रुतून बसली. बाकी स्टाइल, फेस किती उडाला वगैरे सोडून द्या, ते मनाचे खेळ.

कुठे काय घ्यायचं म्हणाल तर गोव्यात, अश्वे-मांद्रे बाजूला म्हणा किंवा आगोंदला, जेव्हा सर्फ करण्यासारखं पाणी असतं तेव्हा लाट बहुतेक वेळा छोटी आणि मऊच असते, तिथे रुंद टेलला पर्याय नाही, स्क्वॉशवाला मिड-लेंथ (मधल्या लांबीचा बोर्ड) नाहीतर फिश घ्या आणि खुशाल मजा करा. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो तेव्हा पिनटेल आणा की आणखी काही, लाल झेंडा लागला की पाण्यात जायचं नाही, विषय संपला. मुल्कीला लाट बरी उठते तेव्हा राउंड किंवा राउंडपिन चालवायला मजा येते, पण एकच बोर्ड परवडत असेल तर स्क्वॉशच. इकडे सिडनीत डी व्हाय बीचला उन्हाळ्यातल्या गुळगुळीत छोट्या दिवसांना फिश आणि हिवाळ्यात दक्षिणेकडून स्वेल, म्हणजे दूरवरून येणारी मोठी लाट, आली की राउंडपिन असं माझं साधं गणित आहे, नॅरबीनला मोठा दिवस असेल तर मी किनाऱ्यावर बसून बघतो, तो वेगळा विषय.

आता घरी आणल्यावरचं. स्वॅलोची टोकं आणि पिनचं टोक ही बोर्डची सगळ्यात आधी फुटणारी जागा, बोर्ड उभा ठेवला की सगळा भार त्यावरच, म्हणून उभा करताना खाली जुनं पायपुसणं टाका आणि प्रवासात टेलला टॉवेल गुंडाळून मग बॅगेत. रुंद चौकोनी टेल असेल तर लीशची (पायाला बोर्ड बांधायच्या दोरीची) दोरी कडेला कापते, तिथे दोरीपासून कड वाचवणाऱ्या रेल सेव्हरची रुंद पट्टी कडेच्या बाहेरपर्यंत येते ना ते बघा. स्वॅलोवर टेल पॅड लावताना एकसंध पॅड घेऊ नका, तीन तुकड्यांचा घ्या, बाजूचे तुकडे थोडे फाकवून लावता येतात.

सेकंडहँड घेत असाल तर टेलच्या टोकांवर आणि फिन बॉक्सच्या (फिन बसवायच्या खाचेच्या) भोवती बोट फिरवा, केसासारखी चीर असेल, दाबल्यावर मऊ लागत असेल किंवा आतून पिवळं-तपकिरी दिसत असेल तर पाणी गेलंय, किंमत पाडून मागा नाहीतर सोडा. दुरुस्ती करताना आधी बोर्ड सावलीत पूर्ण वाळवा, ओला असताना वरून रेझिन फासलं तर पाणी आतच अडकतं. आणि बोर्ड इपॉक्सी आहे की पॉलिएस्टर ते विचारूनच रेझिन आणा, इपॉक्सी बोर्डच्या आतला फोम बहुतेक वेळा थर्माकोलच्या जातीचा असतो आणि पॉलिएस्टर रेझिन त्याला विरघळवून टाकतं. माहिती मिळतच नसेल तर इपॉक्सी रेझिन लावा, ते दोन्हीवर चालतं.